नैवेद्याच्या ताटातील पाहुणे

गणेशचतुर्थीला शेजारच्या घरून मोदक आले की आमच्याही घरांत ते आनंदाने खाल्ले जातात. परंतु ते ज्या विधीतून आपल्यापर्यंत येतात, त्याचा इतिहास जाणून घेण्याचे कष्ट आपण सहसा घेत नाही. या लेखात आम्ही तो अल्पसा प्रयत्न करीत आहोत.

हिंदू पूजेतील षोडशोपचार म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याचा सोळा उपचारांनी केलेला सत्कार होय. देवाला प्रथम आवाहन करावयाचे, आसन द्यावयाचे, पाय धुण्यास पाणी द्यावयाचे. स्नान, वस्त्र, गंध, पुष्प, धूप, दीप यांनंतर त्याच्यापुढे अन्न ठेवावयाचे. हे अन्न म्हणजे नैवेद्य. ‘निवेदन’ या शब्दाशी त्याचे नाते आहे. ताटाखाली पाण्याने चौकोनी मंडल काढतात, अन्नावर बहुधा तुळशीचे पान ठेवतात आणि पंचप्राणांच्या नावे ते अर्पण करतात. तोपर्यंत घरातील कोणी त्याची चवही पाहत नाही.

वेदकाळी अर्पणाची रीत वेगळी होती. तूप, सोमरस, तांदळाचा किंवा जवाचा पुरोडाश यांची आहुती अग्नीत दिली जाई आणि अग्नीने ती देवांपर्यंत पोहोचवावी अशी श्रद्धा असे. पुढे मूर्तिपूजा व देवालये यांचा विस्तार झाला, तसे यज्ञकुंडाच्या जोडीला नैवेद्याचे ताट आले. देवापुढे ठेवलेले अन्न जळून न जाता प्रसाद होऊन भक्ताच्या हाती परत येऊ लागले.

हे ताट त्या त्या मातीने भरले. कोकणात मोदक झाला तो तेथे तांदूळ, नारळ व गूळ होता म्हणून. जेजुरीच्या खंडोबाला चंपाषष्ठीस बाजरीचा रोडगा व वांग्याचे भरीत लागते, आणि इतर देवांना वर्ज्य असलेला कांदाही त्याला चालतो. कार्ल्याच्या एकवीरेला कोळी बांधव कोंबडा-बकरा वाहत आले. जे पिकते, जे मिळते, तेच देवाला द्यावयाचे, हा लोकांचा साधा न्याय होता.

सोळाव्या शतकात या न्यायाची नवी परीक्षा झाली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतले आणि १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे आली. त्यांच्या व्यापाराच्या वाटेने अमेरिका खंडातील कितीतरी वनस्पती हळूहळू आपल्याकडे पोहोचल्या. बटाटा, अननस, पपई, काजू ही नावेच त्या प्रवासाची साक्ष देतात. रताळे, भुईमूग, मिरची, पेरू हेही मूळचे तिकडचेच. आज एकादशीला घरच्या देवापुढे ठेवावयाच्या फराळातून हे पदार्थ वगळले, तर ताटात फारसे काही उरणार नाही. आपल्याकडचा साबुदाणाही कसाव्याच्या कंदापासून होतो. कसावा दक्षिण अमेरिकेचा, आणि तामिळनाडूतील सेलमच्या परिसरात साबुदाण्याचा उद्योग उभा राहिला तो १९४० च्या दशकात. म्हणजे ज्याला आपण परंपरेचा पदार्थ समजतो, त्याचे आजचे रूप शंभर वर्षांचेही नाही.

फुलांचीही तीच कथा. दसऱ्याच्या तोरणातील झेंडू मेक्सिकोकडचा. देवळाच्या आवारातील पांढरा चाफाही अमेरिकेतला. त्याला लोक देवचाफा म्हणू लागले. सीताफळ आणि रामफळ ही दोन्ही फळे, वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते, त्याच खंडातील. परदेशातून आलेल्या फळांना राम आणि सीता यांची नावे द्यावीत, याहून मोठे आदरातिथ्य कोणते?

सर्वत्र मात्र असे घडले नाही. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात बटाटा, टोमॅटो, मिरची यांना आजही प्रवेश नाही. तेथील स्वयंपाकघराने जुनी मर्यादा कटाक्षाने पाळली आहे. या निष्ठेचाही आपण आदर केला पाहिजे. तरीही घरोघरच्या गृहिणींनी जो निर्णय केला तो अधिक उदार होता, असे आम्हांस वाटते. वस्तू कोठून आली, यापेक्षा ती कोणत्या भावनेने वाहिली जाते, याकडे त्यांनी पाहिले.

आपल्या समाजाच्या इतिहासात याच्या उलट घडलेले एक पान आहे, आणि ते लपविणे योग्य नव्हे. गोव्यात धर्मन्यायालय १५६० साली स्थापन झाले. त्याच्या १७३६ च्या फर्मानाने स्थानिक ख्रिस्ती लोकांच्या अनेक देशी चालींवर बंदी घातली. पान-सुपारी देऊन आमंत्रण करणे, दारी तुळस लावणे, इतकेच काय, भात मिठाशिवाय शिजविणे, हेही त्यात होते. ज्या काळात शेजारचे देवघर अमेरिकेच्या फुलाफळांना जागा देत होते, त्याच काळात आमच्या पूर्वजांच्या भाताच्या भांड्यावर पहारा बसला होता. १८१२ साली ते न्यायालय कायमचे बंद झाले.

मात्र लोकजीवन फर्मानांपेक्षा चिवट असते. गोव्यात भाताची नवी कणसे आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेण्याची चाल टिकली. उत्तर कोकणात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा होतो. पहिले पीक देवाचे, ही भावना दोन्ही घरांत एकच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, भारतातील उपासनेसाठी बारा देशी रूपांना रोमची मान्यता मिळाली. त्यांत आरती होती आणि हात जोडून केलेला नमस्कारही होता.

आमच्या समाजाला अधूनमधून ‘तुम्ही बाहेरचे’ असे ऐकावे लागते. त्याला रागाने उत्तर देण्याची गरज नाही. वसईच्या वाड्यांतून आमच्या बागायतदारांनी पिकविलेली केळी, विड्याची पाने आणि फुले पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारात जात आली आहेत, आणि तेथून ती कितीतरी देवघरांत पोहोचली आहेत. ती कोणाच्या हातची, हे त्या ताटाने कधी विचारले नाही. शेजारणीने पुढच्या चतुर्थीला मोदक आणून दिले, तर तिला एवढी हकीकत अवश्य सांगावी.