आयुष्याहून दीर्घ दंड

खानदेशात महाभारतकथेची दोन स्थाने लोकमान्य आहेत. लाक्षागृहातून निसटलेले पांडव ज्या एकचक्रानगरीत राहिले, ती नगरी म्हणजे अंजनीकाठचे एरंडोल होय, अशी परंपरा आहे. दुसरे स्थान म्हणजे सातपुड्यातील, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील, अस्तंबा शिखर. तेथे अश्वत्थाम्याचा वास मानला जातो. या दुसऱ्या स्थानाशी दंडनीतीचा एक बिकट प्रश्न निगडित आहे : अपराध कितीही घोर असला, तरी शिक्षा नैसर्गिक आयुष्यापलीकडे लांबवावी काय?

ऑक्सफर्डमधील तत्त्वज्ञ रिबेका रोच यांनी 2010 नंतरच्या दशकात हाच प्रश्न नव्या रूपात चर्चेस घेतला. आयुर्मान वाढविणारे किंवा कालबोध ताणणारे तंत्र हाती आल्यास क्रूरकर्म्याची शिक्षा शतकानुशतके चालविता येईल. ते न्याय्य ठरेल काय? असे तंत्र अद्याप काल्पनिक आहे. त्यामागील कल्पना मात्र प्राचीन आहे.

सौप्तिकपर्वात अश्वत्थामा निद्रिस्त द्रौपदीपुत्रांचा वध करतो आणि पुढे पांडवस्त्रियांच्या गर्भांवर अस्त्र सोडतो. त्याला मृत्यू मिळत नाही. रोगजर्जर, एकाकी अवस्थेत तीन हजार वर्षे भटकण्याचा शाप कृष्ण देतो. या शापाला मुदत आहे, हे ध्यानात घेणे अवश्य आहे. पुढे सप्तचिरंजीवांत त्याची गणना झाली आणि ती मुदत लोकस्मृतीतून लोपली. जी शिक्षा कोणालाच प्रत्यक्ष अमलात आणावयाची नसते, ती कथनागणिक वाढत जाते.

याउलट प्रवाहही दिसून येतो. भागवताच्या पहिल्या स्कंधात पुत्रशोकाने व्याकूळ झालेली द्रौपदीच त्याला सोडावयास सांगते. आपल्याप्रमाणे त्याच्या मातेने रडू नये, हे तिचे कारण. अस्तंब्याच्या परिसरात तो जखमेसाठी तेल मागतो आणि वाट चुकलेल्यांना मार्ग दाखवितो, असे सांगतात. दिवाळीच्या सुमारास आदिवासी भाविक ते शिखर चढतात. शापाने ज्याला माणसांतून बाहेर काढले, त्याच्याशी लोकांनी असे पुन्हा नाते जोडले.

धर्मशास्त्रानेही येथे सीमा आखली आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातील एकवीस नरकांत ‘संजीवन’ हा एक आहे. पुनःपुन्हा जिवंत करून मारणे, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. परंतु आठव्या अध्यायात राजाच्या हाती वाग्दंड, धिग्दंड, धनदंड आणि वधदंड एवढेच आहेत. अंतहीन यातना परलोकासाठी राखल्या आहेत. मानवी न्यायासनाला तो अधिकार नाही.

भाषेची साक्षही उद्बोधक आहे. ‘दंड’ हा शब्द लांबीचे आणि काळाचेही माप दर्शवितो. ‘शिक्षा’ मूळची शिकण्याची. मराठीत ती शासनाच्या अर्थी रूढ झाली. व्युत्पत्तीवरून नीती सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि अंतहीन शासनाला ना माप उरते, ना शिकून परतणारा माणूस, हे या दोन शब्दांमुळे स्पष्ट होते.

गोपाळ विनायक गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये असा निर्णय दिला, की शासनाने सूट न दिल्यास जन्मठेप म्हणजे कैद्याच्या उर्वरित नैसर्गिक आयुष्याची कैद होय. या व्याख्येचा सारा भार ‘नैसर्गिक’ या विशेषणावर आहे. आयुष्य कृत्रिम रीतीने लांबविता आले, तर कायद्याचे एक अक्षरही न बदलता शिक्षा अनेकपट होऊ शकेल. म्हणून ही मर्यादा यंत्र येण्यापूर्वीच कायद्यात स्पष्टपणे नोंदविणे इष्ट होय.