अंगठ्याजवळची दोन बोटे

मागच्या वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा आठ-दहा दिवस शाळेत आला नाही. घरी गेलो तेव्हा कळले, वडिलांचा उजवा हात पॉवरलूमच्या दातेरी चाकात सापडला होता. अंगठ्याजवळची दोन बोटे गेली. सेठने पट्टीचा खर्च केला, वर पाच हजार रुपये दिले आणि 'माझी काही तक्रार नाही' अशा मजकुराच्या स्टॅम्प पेपरवर सही घेतली. घरात कोणी नाराज नव्हते. उलट, सेठने बरेच केले असेच सगळे म्हणत होते.

मला मात्र नारायण मेघाजी लोखंडे आठवले. आपण त्यांना रविवारच्या सुट्टीसाठी ओळखतो. ती १८९० मध्ये मिळाली. पण सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांनी जो अर्ज तयार केला, त्यात सुट्टीबरोबर आणखी एक मागणी होती. काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जाला पाठिंबा दिला होता. १८८१ चा कारखाना कायदा तेव्हा लागू होता, त्यात यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूदही होती. हात गेल्यावर पुढे काय, यावर तो गप्प होता.

सुट्टी सहा वर्षांत मिळाली. भरपाईला चाळीस वर्षे लागली. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ मध्ये झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याचा मोठा गुण असा होता की मालकाची चूक सिद्ध करावी लागत नसे; कामामुळे आणि काम करताना अपघात झाला एवढे पुरत असे. कोणत्या अवयवाने कमाईची ताकद किती घटते, याचा तक्ताच जोडलेला होता. अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची दोन बोटे गेली तर २० टक्के. वाचताना खाटकाच्या दरपत्रकासारखे वाटते. तरी हा कोरडा तक्ताच गरिबाच्या कामाचा आहे. चाळीस वर्षांच्या माणसाची मजुरी महिना बारा हजार धरली, तर तिचे साठ टक्के, गुणिले त्या वयाचा आकडा १८४.१७, आणि त्याचे वीस टक्के. साधारण दोन लाख पासष्ट हजार होतात. पाच हजार नव्हे.

आणि ती सही? याच कायद्याचे कलम १७ सांगत होते की भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो, मग तो स्टॅम्प पेपरवर का असेना.

उर्दूतला 'मुआवजा' हा शब्द 'इवज'पासून आला, म्हणजे गेले त्याच्या बदल्यात दिलेले. आमच्याकडे कारखान्यात हा शब्द कोणी वापरत नाही. तिथे 'खर्चापानी' म्हणतात, आणि खर्चापानी ही मेहरबानी असते.

१८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगाव, भिवंडीत हातमाग उभे केले, पुढे त्यांच्याच वस्त्यांत विजेचे माग आले. मुंबईच्या गिरणीत निदान हजेरीपट होता. इथे आठ-दहा लूमच्या शेडमध्ये मजुरी मीटरवर, नाव कुठल्याच वहीत नाही. विजेवर माल बनवणाऱ्या जागेला १९२३ चा कायदा लागू व्हायला दहा माणसांची अट नव्हती. पण मी इथे कामाला होतो हे दाखवायचे कशाने? सेठचीही बाजू आहे. तो स्वतः बऱ्याचदा सूत व्यापाऱ्याच्या मजुरीवर चालतो, दोन लाख त्याच्याकडे रोख नसतात. विमा उतरवता येतो, पण विम्यासाठी मजुराचे नाव कागदावर लिहावे लागते, आणि तेच नको असते.

अर्ज करायला अपघातापासून दोन वर्षांची मुदत आहे. मी मुलाच्या वडिलांना हिशेब करून दाखवला. आता ते त्याच शेडमध्ये डाव्या हाताने कांड्या भरतात, निम्म्या मजुरीवर. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "सर, सेठ मोहल्ले के ही हैं. अगले जुम्मे को बात करता हूँ."

तेव्हापासून सात जुम्मे झाले.