बाजारात दोन गाड्यांच्या मध्ये गाडी कशी लावायची? पॅरलल पार्किंगची सोपी पद्धत

आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या मुख्य रस्त्यावर दोन गाड्यांच्या मध्ये जागा मोकळी असते. तरी अनेक जण तिथं गाडी घालत नाहीत. बाहेरच्या बाजूला दुसरी रांग करून गाडी उभी करतात आणि "दोन मिनिटात आलो" म्हणून निघून जातात. मागं एसटी अडकते, कधी रुग्णवाहिकाही अडकते. कारण बहुतेक वेळा एकच असतं, रिव्हर्समध्ये गाडी घालायची भीती. गावात अंगण मोठं असल्यामुळे याची सवयच होत नाही. पण पद्धत समजून घेतली आणि चार-पाच दिवस सराव केला, की हे कुणालाही जमतं.

जागा किती लागते?
गाडीच्या लांबीच्या दीडपट जागा धरावी. छोट्या कार साधारण १२ ते १३ फुटांच्या असतात, म्हणजे जवळपास २० फूट जागा हवी. पिकअप लांब असते, तिला आणखी जास्त लागते. शिकताना कमी जागेत घुसवू नका.

पायरीने असं करा
(गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लावायची आहे असं धरून)

१. डावा इंडिकेटर द्या. मोकळ्या जागेच्या पुढं जी गाडी उभी आहे, तिच्या शेजारी २ ते ३ फूट अंतर ठेवून थांबा. दोन्ही गाड्यांचे मागचे बंपर एका रेषेत आले पाहिजेत.

२. दोन्ही आरसे बघा, मान वळवून मागंही बघा. रिव्हर्स गिअर टाका. हाफ क्लचवर, माणूस चालतो त्यापेक्षाही हळू गाडी सोडा.

३. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे फिरवा. आता गाडीचं तोंड उजवीकडे, म्हणजे रस्त्यावर येतं. मागून मोटारसायकलवाले येत असतात, त्यांना आधी जाऊ द्या.

४. उजव्या आरशात मागच्या गाडीचे दोन्ही हेडलाईट दिसले की थांबा. गाडी साधारण ४५ अंशात तिरकी झालेली असते. स्टेअरिंग सरळ करा आणि हळूहळू मागं या.

५. तुमच्या गाडीचा पुढचा डावा कोपरा पुढच्या गाडीच्या मागच्या कोपऱ्याजवळ आला की स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवा. मागं येता येता तोंड आपोआप आत वळतं. या वेळी नजर पुढच्या डाव्या कोपऱ्यावर आणि मागच्या बंपरवर, दोन्हीकडे ठेवा.

६. गाडी सरळ झाली की स्टेअरिंग सरळ करा. पुढं-मागं सारखं अंतर ठेवा, म्हणजे तिघांनाही निघता येईल.

चुकलं तर?
मागचं चाक लवकर कडेला टेकलं, तर गाडी जास्त तिरकी झाली होती. गाडी कडेपासून लांब राहिली, तर कमी तिरकी झाली. दोन्ही वेळा ओढाताण करू नका. पुढं घेऊन पहिल्यापासून करा, त्यात कमीपणा काही नाही.

आपल्याकडच्या रस्त्यांवर
शहरासारखी फुटपाथची कड आपल्याकडे सगळीकडे नसते. कडेला उघडी गटार किंवा खचलेली साइडपट्टी असते. आधी उतरून जागा बघा. डावा आरसा थोडा खाली केला तर मागचं चाक कुठं चाललंय ते दिसतं.

भरलेल्या पिकअपला आतल्या आरशातून मागचं दिसत नाही. सोबतच्या माणसाला सांगायला उभं करा, पण गाडीच्या बरोबर मागं नाही. तो उजव्या आरशात दिसेल असा बाजूला उभा राहावा. तो दिसेनासा झाला की लगेच ब्रेक. "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणारा माणूसच गाडी आणि भिंतीच्या मध्ये सापडू शकतो.

१ जुलै २०१९ पासून नव्या कारना मागचा सेन्सर सक्तीचा आहे. तरी त्याच्यावर सगळा भरवसा ठेवू नका. लहान मूल बुटकं असतं, ते काचेतून आणि आरशातून दिसत नाही. घराच्या अंगणातही रिव्हर्स घेण्याआधी गाडीला एक फेरी मारा. मुलं कुठं आहेत हे डोळ्यांनी बघा, मगच चावी फिरवा.

लावल्यावर
हँडब्रेक ओढा. चढावर तोंड असेल तर पहिला गिअर, उतारावर असेल तर रिव्हर्स टाकून ठेवा. चाकाला दगड लावला असेल तर निघताना तो रस्त्यात सोडू नका, रात्री मोटारसायकलवाला त्याच्यावर पडतो. उजवं दार उघडताना आधी आरसा बघा आणि डाव्या हाताने दार उघडा. त्यामुळे अंग वळतं आणि मागून येणारा दिसतो.

सराव कुठं करायचा?
पीक निघालेल्या कडक रानात किंवा खळ्यावर. २० फूट अंतरावर चार काठ्या रोवा, त्यांना जुनी पोती बांधा. काठी पडली तरी नुकसान नाही. रोज दहा वेळा करा.

कायदा काय सांगतो?
दुसऱ्यांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सोडून जाणं हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२२ चा भंग आहे. कलम १२७ प्रमाणे अशी गाडी उचलून नेता येते आणि तो खर्च मालकाला भरावा लागतो. चौक, वळण, पूल, बसथांबा, शाळा आणि दवाखान्याच्या फाटकासमोर जागा मोकळी दिसली तरी गाडी लावू नका.

जागा लहान वाटली, मन धजत नसेल, तर थोडं पुढं जाऊन मोकळ्यात लावा आणि चालत या. दोनशे पावलं चालणं परवडतं, कुणाची रुग्णवाहिका अडवणं परवडत नाही.