शिलालेखाचे छायाचित्र आणि रूपांतराचे सॉफ्टवेअर : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

नाणेघाटातील लेण्याच्या मागील भिंतीवर सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज त्यांच्या पायांचे अवशेष आणि वरची नावे एवढेच उरले आहे. सिमुक सातवाहन, नागनिका, श्री सातकर्णी यांची येथील ओळख आता केवळ अक्षरांवर उभी आहे आणि ती अक्षरे बहुतेक अभ्यासकांनी दुसऱ्याने केलेल्या प्रतींवरूनच वाचली आहेत. प्रत कोणी व कशी केली हा प्रश्न म्हणूनच पुराभिलेखविद्येत कधीही गौण नव्हता. डिजिटल कॅमेरा हाती आल्यापासून मात्र, कॅमेऱ्याची रॉ फाइल कोणत्या सॉफ्टवेअरने जेपेगमध्ये बदलावी, हा विषय छायाचित्रकाराचा समजून सोडून दिला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार इतिहासाच्या साधनांचा प्रश्न म्हणून केला आहे.

प्रतींची परंपरा

कर्नल साइक्स यांनी १८३१ साली भारत सोडण्यापूर्वी या भागातील लेखांच्या नकला उतरवून घेतल्या. जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला तो १८३७ मध्ये. म्हणजे साइक्स यांनी नक्कल केली ती न वाचता आलेल्या अक्षरांची. डोळ्यांना जे दिसले ते हाताने काढले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नाणेघाटातील अंकचिन्हांचा अभ्यास केला. १८८१ साली बर्जेस व भगवानलाल यांचा पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा संग्रह निघाला आणि १८८३ साली ब्यूलर यांचा पाठ प्रसिद्ध झाला. ओला कागद दगडावर बसवून, ब्रशने ठोकून व वर शाई फिरवून घेतलेला ठसा हा हाताच्या नकलेहून विश्वासार्ह ठरला, कारण त्यात नक्कल करणाऱ्याचा तर्क कमी शिरतो. कमी शिरतो, नाहीसा होत नाही. शाई किती फिरवायची हे शेवटी हातच ठरवतो.

अक्षर, छाया आणि जेपेग

जेपेगचे मानक १९९२ साली निश्चित झाले. या पद्धतीत प्रतिमा आठ गुणिले आठ बिंदूंच्या चौकोनांत विभागली जाते आणि प्रत्येक चौकोनातील बारीक चढउतार मर्यादेबाहेर गेले की गाळले जातात. प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात. रॉ फाइल १२ बिटची असेल तर ४,०९६ आणि १४ बिटची असेल तर १६,३८४ पायऱ्या असतात. लग्नाच्या छायाचित्रात हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. लेण्यातील बेसॉल्टवर मात्र झिजलेले अक्षर आणि भोवतालचा दगड यांतील अंतर अवघ्या काही पायऱ्यांचे असते. नाणेघाटातील मोठा लेख बाजूच्या भिंतींवर आहे, प्रकाश तोंडाकडून तिरपा येतो आणि उथळ खाचेत बारीक सावली धरतो. ती सावली हेच वाचनाचे साधन.

ब्राह्मीत अनुस्वार हा एक ठिपका आणि इकाराची मात्रा ही एक छोटी रेघ. सॉफ्टवेअरची रव कमी करणारी सोय ठिपका पुसू शकते आणि कडा तीक्ष्ण करणारी सोय दगडावरच्या खड्ड्याला अनुस्वार बनवू शकते. अंकांबाबत धोका अधिक आहे. जुन्नरच्या मानमोडी लेण्यांतील अमात्य अयम याच्या लेखात ४६ हे वर्ष आहे. नहपानाचे नाशिकच्या लेखांतील आकडे ४१, ४२ व ४५ असल्याने त्याचा ज्ञात शेवटचा काळ या ४६ वर अवलंबून आहे. ही गणना शकाची मानल्यास तो काळ इ. स. १२४ येतो. एवढा भार एका अंकचिन्हावर आहे.

कॅमेऱ्यातून थेट मिळणारे जेपेग हेसुद्धा रूपांतरच होय. फक्त ते उत्पादकाने आधीच ठरवून ठेवलेले असते. साइक्स यांच्या नकलेतील चूक त्यांच्या रेषेत दिसते. जेपेगमधील निर्णय दिसत नाही.

सॉफ्टवेअरची निवड

येथे किमतीपेक्षा आयुष्य आणि पारदर्शकता पाहावी लागते. पिक्समँटेकचे रॉशूटर २००५ च्या सुमारास लोकप्रिय झाले. २००६ साली अडोबीने ती कंपनी विकत घेतली आणि ते बंद पडले. ॲपलचे ॲपर्चर २००५ साली आले आणि २०१४ मध्ये त्याचा विकास थांबवल्याचे जाहीर झाले. निकॉनच्या काही कॅमेऱ्यांनी रॉ फाइलमधील श्वेतसंतुलनाची माहिती सांकेतिक केल्याचे २००५ साली उघड झाले, तेव्हा अभ्यासकाच्या स्वतःच्या छायाचित्रावर त्याचा ताबा किती, असा प्रश्न उभा राहिला. अडोबीने २००४ साली आणलेले डीएनजी हे खुले स्वरूप या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. दुसऱ्या बाजूला डेव्ह कॉफिन यांनी १९९७ साली सुरू केलेल्या डीसीरॉ या छोट्या कार्यक्रमाचा कोड सर्वांना खुला होता आणि अनेक कंपन्यांच्या फाइली त्याने वाचून दाखवल्या.

महाविद्यालयीन विभागाला रॉथेरपी किंवा डार्कटेबल ही मोफत व खुल्या कोडची सॉफ्टवेअर त्यामुळेच अधिक योग्य वाटतात. रूपांतराचे प्रत्येक माप ती वेगळ्या लहान मजकूर-फाइलमध्ये नोंदवतात आणि मूळ रॉ फाइलला हात लावत नाहीत. ती नोंद लेखाच्या प्रतीसोबत ठेवली तर पुढचा वाचक ठिपका दगडाचा की यंत्राचा, हे तपासू शकतो. अडोबीचे लाइटरूम सोयीचे आहे. परंतु २०१७ नंतर त्याची नवी आवृत्ती वर्गणीशिवाय मिळत नाही, आणि विभागाच्या वार्षिक अनुदानावर अवलंबून असणारा दप्तरखाना हा दप्तरखाना म्हणावा का, ही शंका राहतेच.

आंबेगाव तालुक्यात हा विषय आणखी निकडीचा आहे. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात जुने आंबेगाव बुडाले. तेथील वास्तूंचे पूर्वी जेवढे चित्रण झाले असेल, तेवढाच आता अभ्यासाचा आधार. भीमाशंकरची घंटा १७३९ च्या वसई मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी अर्पण केलेली मानली जाते. चकाकत्या धातूवरील उठावाची चिन्हे उजेडाने पांढरी पडतात. रॉ फाइलमधून त्यांतील बराच तपशील परत काढता येतो. त्याच चित्राचे जेपेग करून रॉ पुसून टाकली असेल, तर तो पांढरा डाग तसाच राहतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या चित्रात तर दाब आणखी वाढलेला असतो आणि चित्र केव्हा व कोणत्या भिंगाने घेतले ही माहितीही बहुधा गळून गेलेली असते. विभागाच्या संग्रहात असे चित्र घ्यावयाचे झाल्यास पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल मागणे, आणि ती मिळेपर्यंत त्या चित्रावरून पाठ न देणे, एवढे तरी व्हावे.