हादरा नेमका कोण खातो?

कन्नडहून चाळीसगावकडे निघालेल्या एस.टी.त मागच्या बाकावर बसून आम्ही एक साधे मोजमाप अनेकदा केले आहे. मागचे चाक खड्ड्यातून गेले की गाडीचा मागचा भाग एकदा दाबला जातो, मग उसळतो. त्यानंतर तो आणखी किती वेळा खाली-वर होतो, एवढेच मोजायचे. एखादी गाडी एका उसळीनंतर शांत होते. एखादीत चार-पाच हेलकावे सहज मोजता येतात आणि तेवढ्यात पुढचा खड्डा येतो. दोन्ही गाड्या एकाच बनावटीच्या, पाटे सारखे, प्रवासीही जवळपास तेवढेच. फरक असतो तो चाकाजवळ बसवलेल्या, तेल भरलेल्या एका नळकांड्याचा.

त्याला 'शॉक अ‍ॅब्सॉर्बर' म्हणजे हादरा शोषणारा असे म्हणतात. आपल्या गॅरेजांत त्याचे 'शॉकअप' झाले. नाव सुटसुटीत आहे, पण दिशाभूल करणारे आहे. हादरा खातो तो पाटा. चाक दगडावर चढले की पाटा वाकतो आणि चाकाने दिलेली ऊर्जा आपल्याजवळ ठेवतो. मात्र ही ऊर्जा तो पचवत नाही, जवळजवळ सगळी परत करतो. ती गाडीला झुलवत राहते. शॉकअपचे काम या परत आलेल्या ऊर्जेची उष्णता करून टाकण्याचे आहे. आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत याला 'अवमंदन' म्हणतात. शास्त्रीय परिभाषेला बोजड म्हणून हसण्याची पद्धत आहे. इथे मात्र बाजारातल्या शब्दापेक्षा परिभाषेतला शब्द अधिक खरा आहे.

मग शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वाहनांचे या नळकांड्यावाचून कसे भागत होते? उत्तर पाट्यातच आहे. बैलगाडीला पाटे नव्हते. तिचा हादरा थेट माणसाच्या मणक्यात जाई. इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियट याने १८०४ साली घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांचे पेटंट घेतले. पाटा म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची चळत. ती वाकते तेव्हा पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि घर्षणात काही ऊर्जा खर्च होते. न मागता मिळालेला हा शॉकअपच होता. घोड्याच्या वेगाला तो पुरत असे.

मोटारीच्या वेगाला तो पुरेना. एकोणिसावे शतक संपता संपता फ्रान्समध्ये त्रुफो याने घर्षणाचे वेगळे साधन केले. एकमेकींवर दाबून बसवलेल्या चकत्या आणि त्यांना जोडलेल्या दोन भुजा, असा तो प्रकार. अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड याने त्याचा धंदा उभारला. क्लीव्हलँडच्या क्लॉड फॉस्टर या उद्योजकाचे 'गॅब्रिएल' नावाचे भोंगे खपत होते. त्याने पट्ट्याने उसळी आवरणारे साधन बाजारात आणले. भोंग्याला हे नाव दिले होते ते ख्रिस्ती परंपरेतल्या तुतारी फुंकणाऱ्या देवदूतावरून. पुढे ते साधनाला आणि कंपनीला चिकटले. १९६१ साली मुंबईत स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियामुळे ते आपल्या ट्रकवाल्यांच्याही तोंडी बसले.

कोरड्या घर्षणात एक मूलभूत उणीव आहे. त्याचा रोध वेगावर फारसा अवलंबून नसतो. बारीक खडीवर तो पाट्याला हलूच देत नाही आणि मोठ्या खड्ड्यात अपुरा पडतो. हवे असते याच्या उलट : हळू हालचालीला थोडा विरोध, जोरदार हालचालीला मोठा. ही गोष्ट द्रवाला जमते. वर्गात करून पाहावी. सुई काढलेली पिचकारी पाण्याने भरा. दट्ट्या सावकाश ढकला, मग दुप्पट वेगाने ढकलून पाहा. दुसऱ्या वेळी दुपटीहून बराच अधिक जोर लागतो. फ्रान्सच्याच मोरीस हुदाय याने विसाव्या शतकाच्या आरंभी हे तत्त्व वापरले आणि १९२७च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल ए' मोटारीत तेलाचे शॉकअप मुळातच बसवलेले होते. पुढे त्यांचा आकार सायकलच्या पंपासारखा लांबट झाला. आजच्या शॉकअपमध्ये तेलाची वाट झडपांतून जाते आणि त्या झडपा दोन दिशांना वेगळ्या वागतात. चाक वर येताना रोध कमी, पाटा उलगडताना साधारण दुप्पट-तिप्पट. वर येतानाच जोरात अडवले, तर दगडाचा धक्का पाट्याला टाळून थेट गाडीच्या सांगाड्यात जाईल.

आता परत आपल्या घाटाकडे. हा औट्रम घाट. १८२५ साली उभारलेल्या खानदेश भिल्ल पलटणीच्या जेम्स औट्रमचे नाव त्याला आहे. घाटमाथ्यावरचे कन्नड हैदराबाद संस्थानात, तर पायथ्याचे चाळीसगाव इंग्रजी मुलखात होते. हैदराबादेत निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. त्या स्कॉटलंडमधल्या अल्बियन कंपनीच्या होत्या. मुंबई राज्याची एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर धावली : बेडफर्डची गाडी, लाकडी सांगाडा, काथ्याची बैठक. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६१ साली आजच्या परिवहन महामंडळात सारे एकत्र झाले.

काथ्याच्या जागी फोम आला, लाकडाच्या जागी धातू आला. पण एक गोष्ट दीर्घकाळ बदलली नाही. १९५४पासून टेल्कोने जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझ बनावटीचे ट्रक काढले आणि ट्रकच्या सांगाड्यावर प्रवासी बस बांधणे ही देशभराची रीत झाली. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत एस.टी.ने आपल्या गाड्यांचे साचे स्वतः बांधले, तेही मुख्यतः अशाच सांगाड्यांवर. ट्रकचे पाटे धान्याच्या पोत्यांसाठी असतात. माणसे पोत्यांहून हलकी, आणि शिवाय दर थांब्यावर उतरतात.

याचा परिणाम हिशेबाने पाहू. भाराने पाटा जितका दबतो, तितक्या लांबीच्या लंबकाएवढाच गाडीच्या हेलकाव्याचा आंदोलनकाल असतो. भरलेल्या बसचा पाटा १० सेंटिमीटर दबला, तर १० सेंटिमीटरच्या लंबकाप्रमाणे ती मिनिटाला सुमारे ९५ हेलकावे घेईल. हे आपल्या चालीच्या पावलांच्या आसपास आहे. शरीराला त्याची सवय असते. बस रिकामी होऊन पाट्यावरचा भार दोन-तृतीयांश उरला की आकडा ११६ वर जातो आणि बस 'आपटायला' लागते. तोच शॉकअप आता तुलनेने २२ टक्के कडक ठरतो, कारण आवश्यक अवमंदन भार आणि ताठरता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाबरोबर बदलते. एकाच नळकांड्याने दोन वेगळ्या गाड्या सांभाळायच्या, अशी ही अडचण आहे.

'गाडी आदळते, जाड शॉकअप टाका' हा सल्ला म्हणूनच आम्हाला धोक्याचा वाटतो. आदळणे बहुधा पाट्याच्या ताठरतेचे असते. शॉकअप फार कडक झाला तर ओळीने आलेल्या खड्ड्यांत पाट्याला दोन हादऱ्यांमध्ये उलगडायला वेळच मिळत नाही. तो दबत दबत टेकतो आणि मग प्रत्येक धक्का लोखंडाचा लोखंडाला बसतो. उलट शॉकअप मेला असेल तर चाक रस्त्यावर टिकत नाही. घाटाच्या वळणावर ब्रेक दाबला त्या क्षणी चाक हवेत किंवा नुसते टेकलेले असेल, तर घर्षण कुठून येणार? मागच्या बाकावरची पाठदुखी हा त्यातला किरकोळ भाग आहे.

आस्थापनांत शॉकअप बदलला जातो तो बहुधा तेल गळू लागल्यावर. तोवर आतल्या झडपा झिजून कितीतरी महिने झालेले असतात. लहान मोटारीचा कोपरा हाताने दाबून सोडता येतो, बसचा येत नाही. पण एक युक्ती आहे. ऊर्जेची उष्णता होत असेल तर नळकांडे तापले पाहिजे. सरासरी १००० न्यूटन रोध आणि सेकंदाला १० सेंटिमीटर वेग धरला तरी १०० वॅट होतात, म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याएवढे. खराब रस्त्यावर तासभर धावलेल्या गाडीखाली जपून हात लावून पाहावा : एकाच आसावरच्या दोहोंपैकी एक गरम आणि दुसरा थंड असेल, तर थंड असलेला काम करत नाही. बदलताना मात्र दोन्ही बदलायचे, नाहीतर गाडी एका बाजूला वेगळी झुलते. नव्याची दाबलेली आणि ताणलेली लांबी मोजायची. पाटा पूर्ण दबताना शॉकअप आधी टेकता कामा नये आणि उलगडताना आधी ताणला जाता कामा नये. दुहेरी नळीचा असेल तर तो उभा धरून चार-सहा वेळा पूर्ण ताणायचा आणि दाबायचा, म्हणजे आडवा ठेवल्याने तेलात शिरलेली हवा निघून जाते. तेलाचा फेस झाला की रोध नाहीसा होतो. यावर उपाय म्हणून फ्रान्समधल्या बुर्सिये द कार्बाँ याने १९५३च्या सुमारास तेलाला दाबलेल्या वायूचा आधार देणारा एकेरी नळीचा शॉकअप पुढे आणला.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. बसच्या सांगाड्यावर बिछाना, ओटा, पाण्याची टाकी असे फिरते घर बांधले, तर निवड एका परीने सोपी होते : भार जवळपास कायम सारखा असतो. सामानासह पुढचा आणि मागचा आस वजनकाट्यावर वेगवेगळा तोलायचा आणि त्या वजनाला जुळणारा शॉकअप घ्यायचा. सांगाड्याबरोबर ट्रकसाठी आलेला शॉकअप बरोबरच असेल असे गृहीत धरायचे नाही.

२००० नंतर मुंबई–पुणे मार्गावर दिसू लागलेल्या शिवनेरीसारख्या गाड्यांत पाट्यांऐवजी हवेचे फुगे आले. फुग्यातला दाब भाराप्रमाणे बदलतो, त्यामुळे रिकाम्या-भरल्या गाडीचा आंदोलनकाल फारसा बदलत नाही. पण फुग्यात पट्ट्या नाहीत, म्हणून घर्षणही नाही. इलियटच्या काळापासून फुकट मिळत आलेले अवमंदन इथे संपले आणि सगळा भार तेलाच्या नळकांड्यावर आला. अशा गाडीत मागच्या बाकावर बसून हेलकावे मोजण्याची आमची पद्धतही नीट चालत नाही. फुगा इतका मऊ असतो की मेलेला शॉकअप प्रवाशाला चटकन कळत नाही. तो कळतो टायरवर. चाक सेकंदाला दहाएक वेळा रस्त्यावर नाचत राहते आणि टायर ठरावीक अंतरावर झिजतो. उभ्या गाडीच्या टायरवरून तळहात फिरवला की खळगे हाताला लागतात.