बुबुळाच्या कडेवरच्या पेशी

साल १९८५. भालकी तालुक्यातल्या एका गावात तुम्ही ओसरीवर उभे आहात. आजोबांची चंची उघडी पडली आहे आणि सहा वर्षांचा भाचा चुनाळं उचकटतो आहे. झाकण निघतं, चुना थेट डोळ्यात उडतो. "मामा, आग होतेय!" कुणी तूप आणायला धावतं. तुम्ही त्याला रांजणाशी नेऊन डोळ्यावर पाण्याची धार धरता. तेच योग्य, पण चुना फार खोल शिरलेला असतो.

बीदर, जहिराबाद, हैदराबाद. काही महिन्यांनी तिथे नेत्रदानात मिळालेलं बुबुळ बसवतात. वर्षभरात तेही पांढरं पडतं. डोळ्याचा काळा भाग पांढऱ्याला मिळतो, त्या कडेवर मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, असतात. बुबुळावरचा पातळ थर झिजेल तसा त्या नवा पुरवतात. इथे ती कडच जळाली आहे.

मूलपेशींचा माग काढत अपघाताच्याही दोन वर्षं मागे चला. मार्च १९८३, परळचं टाटा रुग्णालय. रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला डॉ. सुरेश अडवाणी तिच्या भावाची अस्थिमज्जा देत आहेत. ऑपरेशन नाही, लाल पिशवीतून थेंब थेंब शिरेत. त्यातल्या मूलपेशी आपणहून हाडांत जाऊन बसतात आणि नवं रक्त घडवू लागतात. भारतातलं हे पहिलं यशस्वी मज्जारोपण. अशाच पेशी पुढे थॅलेसेमियाच्या मुलांनाही वाचवतात. भाच्याच्या डोळ्याला मात्र त्यांचा उपयोग नाही, कारण त्या फक्त रक्त घडवणाऱ्या.

२००२. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था. भाचा आता तेवीस वर्षांचा. त्याच्या चांगल्या डोळ्याच्या कडेवरून कणभर तुकडा काढतात आणि गर्भातल्या बाळाभोवती असतो त्या पातळ पडद्यावर, प्रयोगशाळेत, दोनेक आठवडे वाढवून जळालेल्या डोळ्यावर बसवतात. पेशी त्याच्याच, त्यामुळे शरीर त्या नाकारत नाही. २०१२ मध्ये इथलेच डॉ. विरेंदर सांगवान आणि सहकारी आणखी सोपी रीत मांडतात: दोन मिलिमीटरच्या तुकड्याचे आठ-दहा कण करून, रोपं लावावीत तसे, जळालेल्या डोळ्यावरच तसा पडदा अंथरून त्यावर चिकटवायचे. प्रयोगशाळेचा खर्चच वाचला. प्रत्येकाची नजर परतते असं नाही, पण पुष्कळांची परतते.

जगात याहून मोठी झेपही घेतली गेली. १९९८ मध्ये जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातल्या, शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी वाढवल्या. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशी चार जनुकं घालून तशाच करून दाखवल्या. त्यांच्यावर आधारलेले उपचार अजून बहुतांशी चाचण्यांतच आहेत.

आता आजच्या कलबुर्गीत या. गुडघा, मधुमेह, लकवा, सगळ्यांवर एकच स्टेम सेलचं इंजेक्शन, असं कुणी सांगेल. विचारा: कोणत्या पेशी, कुठून घेतल्या, याच आजारावर सिद्ध झाल्या आहेत का? तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय जमीन विकू नका.