नोंदवहीतला वशिला

वशिला कायद्याने बंद करता येतो, असे मानून केलेले प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने १८७७ साली आपल्या राज्यघटनेतच लॉबिंग हा गुन्हा असल्याचे लिहून ठेवले. मॅसॅच्युसेट्सने १८९० मध्ये दुसरी वाट धरली. कोणासाठी रदबदली करायची असेल तर करा, पण त्याआधी नाव नोंदवा आणि कोणाच्या वतीने आलात ते सांगा, असा तिथला कायदा झाला. आज जॉर्जियातही लॉबिस्टांची नोंदणीच होते. राज्ये आणि देश या वाटेला लागले, पण शहरे बरीच मागे राहिली. खरे तर पैसे घेऊन केलेल्या रदबदलीला सर्वाधिक वाव असतो तो नगरपालिकेतच. जमिनीचा वापर बदलणे, इमारतीची उंची वाढवून देणे, कंत्राट देणे, परवाना देणे असे निर्णय तिथे होतात आणि त्यातला प्रत्येक निर्णय कोणाला तरी थेट पैसा मिळवून देतो. शहराने ही नोंदवही उघडली तर नेमके काय साधते, हे कॅनडातल्या टोरांटोच्या इतिहासातून उत्तम कळते.

१ जानेवारी १९९८ रोजी ओंटॅरिओ प्रांताच्या सरकारने सहा नगरपालिका व त्यांच्यावरची महानगर संस्था एकत्र करून आजचे टोरांटो शहर घडवले. वेगवेगळी खाती, वेगवेगळ्या संगणक यंत्रणा आणि वेगवेगळ्या सवयींचे कर्मचारी एका छपराखाली आले. त्यातच २००० साल उजाडताच जुने संगणक तारखेच्या गोंधळाने बंद पडतील, ही धास्ती होती. हजारो संगणक घाईने बदलायचे ठरले आणि ते एमएफपी नावाच्या कंपनीकडून भाडेपट्ट्याने घेण्याला नगरसभेने १९९९ च्या जुलैत मान्यता दिली. मंजुरी ४.३ कोटी डॉलरची होती, प्रत्यक्षात आकडा त्याच्या जवळपास दुपटीवर गेला. या वाढीची खबर नगरसभेला लागली तोवर उशीर झाला होता. अखेर २००२ मध्ये नगरसभेने न्यायालयीन चौकशी मागितली आणि न्यायमूर्ती डेनिस बेलामी यांनी ती चालवली. दोनशेहून अधिक दिवस सुनावणी झाली, दीडशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले. कंपनीच्या विक्रेत्याने कोणाला जेवायला नेले, कोणाला हॉकीच्या सामन्यासाठी खाजगी विमानाने फिलाडेल्फियाला नेले, कोणाशी फोनवर किती वेळा बोलणे झाले, हे सारे शपथेवर विचारून, बिले आणि फोनच्या नोंदी पडताळून जुळवावे लागले.

या चौकशीतली मला सर्वात महत्त्वाची वाटते ती गोष्ट तिच्या निष्कर्षांइतकीच तिच्या कष्टांत आहे. ओंटॅरिओ प्रांताचा लॉबिस्ट नोंदणी कायदा १९९८ चा, आणि तो १९९९ च्या जानेवारीपासून लागू होता. त्याआधी दहा वर्षे, १९८९ पासून, कॅनडाच्या केंद्र सरकारकडेही नोंदणी सुरू होती. म्हणजे टोरांटोतल्याच क्वीन्स पार्क या प्रांतिक विधानभवनात मंत्र्याकडे रदबदली करणाऱ्याला १९९९ साली नाव नोंदवावे लागे. तिथून जवळच असलेल्या सिटी हॉलमध्ये मात्र तोच माणूस कोणासाठी काम करतो, हे विचारण्याची कोणाला सोय नव्हती. भरीला ओंटॅरिओत नगरसेवक पक्षाच्या चिन्हावर निवडून येत नाहीत. पक्षाचा आदेश नसल्याने प्रत्येक मत स्वतंत्र, आणि म्हणूनच प्रत्येक नगरसेवकाशी असलेली ओळख मोलाची. अशा ठिकाणी ओळखीचाच व्यापार होतो. त्याची नोंद कुठेच नसल्यामुळे पुढे तीन वर्षे खर्ची घालून ती स्मरणशक्तीतून उकरावी लागली. नोंदवही गुन्ह्यावरचा इलाज म्हणून सुचवली जाते, पण तिचे पहिले काम स्मृतीचे आहे. घडत असतानाच लिहिलेली ओळ नंतर सोयीनुसार विसरता येत नाही.

२००५ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या अहवालात २४१ शिफारशी होत्या. लॉबिंगवर बंदी घाला, असे बेलामींनी म्हटले नाही; ते उघड्यावर आणा आणि त्याला आचारसंहिता लावा, असे सांगितले. २००६ च्या ‘सिटी ऑफ टोरांटो’ कायद्याने शहरावर अशी नोंदवही ठेवण्याचे बंधनच घातले. प्रांतातल्या इतर नगरपालिकांना तो अधिकार मिळाला, सक्ती झाली नाही. टोरांटोची नोंदवही २००८ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. तिचे नियम नीट पाहिले तर त्यांमागे अनुभव दिसतो. नोंदणी बोलणी करण्यापूर्वी करायची. कोणाशी, कोणत्या विषयावर संपर्क झाला, ते तीन कामकाजाच्या दिवसांत कळवायचे. काम झाले तरच मोबदला, असा करार करायचा नाही, कारण त्याने मध्यस्थाची हाव निकालाशी बांधली जाते. नोंदणीला पैसे लागत नाहीत आणि नोंदी कोणालाही पाहता येतात. नोंदणीचे दायित्व मध्यस्थावर आहे आणि देखरेखीला स्वतंत्र निबंधक आहे.

यावरचा पहिला आक्षेप सरळ आहे: लाच देणारा माणूस आपले नाव कशाला लिहील? हे मान्य करावेच लागते. मात्र या आक्षेपात एक गोष्ट निसटते. लाच सिद्ध करायला पैसा कुठून निघाला, कुठे पोहोचला आणि हेतू काय होता, हे तिन्ही दाखवावे लागते. नोंद न करता भेट घेतली, एवढेच सिद्ध करणे त्या मानाने खूप सोपे असते, आणि तोच गुन्हा ठरतो. टोरांटोत पहिल्या खेपेला दंडाची मर्यादा २५ हजार डॉलरपर्यंत आहे, पुढच्या खेपेला एक लाखापर्यंत. शिवाय स्पर्धक कंपनीलाही नोंदवही वाचता येते. लपवलेल्या भेटीचा सुगावा सर्वात आधी तिलाच लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा नियमांनी सामान्य माणूस बिचकेल, आणि वकील ठेवणारी कंपनी मात्र निवांत अर्ज भरेल. ही भीती खरी होती, म्हणून टोरांटोच्या नियमांत सवलती आल्या. आपल्या वस्तीच्या प्रश्नावर नगरसेवकाशी बोलणाऱ्या रहिवाशाला नोंदणी लागत नाही. समितीच्या खुल्या बैठकीत बोलणाऱ्यालाही नाही, बहुतेक ना-नफा संस्थांनाही नाही. प्रत्येक सवलत ही पळवाट होऊ शकते, हेही तितकेच खरे, आणि सीमारेषेवरचे वाद कायम राहतील. तरी नागरिकाचे गाऱ्हाणे आणि पैसे घेऊन केलेली वकिली यांत फरक आहे, हे तत्त्व कायद्यात लिहिले जाणे मोलाचे आहे.

तिसरा आक्षेप नैतिक आहे: वशिल्याची नोंद ठेवणे म्हणजे त्याला मान्यताच देणे. जॉर्जियाचा अनुभव इथे उपयोगी पडतो. बंदीमुळे रदबदली नाहीशी झाली असती, तर त्याच राज्याला पुढे नोंदणीची गरज पडली नसती. निवडून आलेल्याकडे आपली बाजू मांडणे हा लोकशाहीतला हक्कच आहे; आक्षेपार्ह असते ती लपूनछपून केलेली रदबदली. मर्यादाही मान्य करू. भेट झाली हे नोंदवहीत दिसते, भेटीत काय ठरले हे दिसत नाही. कोणी वाचलीच नाही, तर ती नुसतीच यादी. पण १९९९ च्या टोरांटोतल्या पत्रकाराला किंवा नागरिकाला ती यादीसुद्धा हाती नव्हती. मतदानाच्या आदल्या आठवड्यात कोण कोणाला भेटले, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला असता, तरी उत्तर शोधायला जागाच नव्हती. तोच प्रश्न आज कोणालाही मतदानापूर्वी विचारता येतो, आणि उत्तरासाठी न्यायमूर्तीची वाट पाहावी लागत नाही.